नाटकाची टेलिफिल्म करताना खोलीबाहेर पडायचं का?

तिसरी_घंटा

मंडळी, सल्ला हवाय. थोडं सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

आमचा सांगलीतला हौशी ग्रुप. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला आम्ही एक दोन अंकी केलं होतं. लेखक आमच्यातलाच आहे, नाव देत नाही, नाहीतर जाहिरात म्हणून धागा उडायचा. गोष्ट मिरजेतल्या सतार करणाऱ्या घरातली. म्हातारा कारागीर, दोन मुलगे, थोरल्याची बायको. धाकट्याला जागा बिल्डरला द्यायची आहे. सगळं नाटक पुढच्या खोलीत घडतं. मागचा कारखाना प्रेक्षकाला शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त ऐकू येतो: घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरल्याचा आवाज, मधूनच एखादी तार छेडून बघितल्याचा. म्हातारा आत जवारी काढतोय, म्हणजे सूर खुलावा म्हणून घोडी घासतोय, आणि बाहेर त्याच्या जागेचा सौदा चाललाय. दुसऱ्या अंकात तो आवाज मध्येच थांबतो. बाहेरच्यांची बोलणी तिथेच तुटतात. भावे नाट्यमंदिरात त्या जागेला कुणी खोकलंसुद्धा नव्हतं.

आता एक स्थानिक केबलवाले दिवाळीत दाखवायला तयार झालेत, थोडे पैसेही देतायत. दिग्दर्शक म्हणतो, कॅमेरा हातात आहे तर कारखान्यात शिरू, भोपळे दाखवू, गल्ली दाखवू, कृष्णेचा घाट दाखवू, ड्रोन उडवू. लेखक म्हणतो, कारखाना एकदा जरी दिसला तरी माझं नाव काढा. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, मी दोघांशी बोलतोय. तुमचं काय मत?

भडंग_प्लेट

ड्रोन पाहिजेच. आयर्विन पूल वरून दाखवल्याशिवाय सांगलीची फिल्म पूर्णच होत नाही. गोष्ट मिरजेची असली म्हणून काय झालं?

पडदा_पाडा

माझं मत सरळ आहे, राग मानू नका. खोलीतल्या खोलीत चार माणसं तास-दीड तास बोलणार असतील तर टीव्हीवर कोण बघणार? नाटकात एक खोली असते कारण सेट हलवता येत नाही. ती मजबुरी आहे, तिला उगाच कलेचं सोवळं नेसवू नका. ‘कट्यार काळजात घुसली’चंच घ्या. १९६७ चं नाटक, दारव्हेकरांचं, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतरावांचा खाँसाहेब. सगळं मान्य. पण २०१५ मध्ये सुबोध भावेंनी सिनेमा केला, तो ऐसपैस केला, नवी गाणी घातली, म्हणून माझ्या मुलीच्या वयाची पोरं ‘सूर निरागस हो’ गुणगुणायला लागली. ती कधी नाट्यगृहात गेली असती का? कारखाना दाखवा. मिरजेची सतार दाखवायची सोडून भिंत काय दाखवताय?

मिरजकर_मास्तर

पडदापाडा, तुमचा मुद्दा अर्धा पटतो. कट्यार हा गाण्याचा सिनेमा. तिथे दरबार, वाडा, मैफल हे सगळं डोळ्यांना पाहिजेच, आणि खर्च करायला निर्माता होता. तिसरीघंटांकडे केबलवाला आहे.

आमच्या पिढीने टीव्हीसाठी केलेल्या नाटकांचं वेगळंच रूप पाहिलंय. विजयाबाई मेहतांनी रंगमंचावर केलेली दोन नाटकं पुढे दूरदर्शनसाठी हिंदीत टेलिफिल्म म्हणून केली. अनिल बर्वेंच्या ‘हमीदाबाईची कोठी’वरून ‘हमीदाबाई की कोठी’ आणि एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’वरून ‘हवेली बुलंद थी’. दोन्ही ऐंशीच्या दशकातल्या. आता या नाटकांची नावंच बघा, दोन्ही इमारतींची आहेत. कोठी म्हणा, वाडा म्हणा, तेच मुख्य पात्र. माणसं तिथून निघू शकत नाहीत हेच तर नाटक. अशा नाटकात कॅमेरा घेऊन गावभर हिंडलात की पहिल्याच फेरीत वाड्याचा दरारा गेला.

‘वाडा’ नुसतं वाचलं तरी अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर दिसतो, घरातली माणसं त्याच्याबद्दल ज्या तऱ्हेने बोलतात त्यावरूनच. आणि रात्री वहिनी डबा उघडून घराण्याचे दागिने एकेक करून अंगावर चढवते तो प्रसंग. त्याला ड्रोन कशाला हवाय? कॅमेरा जवळ न्या एवढंच. टेलिफिल्मला रंगमंचापेक्षा जास्तीचं काही मिळत असेल तर ते हेच, दहाव्या रांगेतून न दिसणारा हात.

तुमच्या नाटकात हात कुणाचे आहेत ते शोधा.

विंगेतला_उंदीर

मास्तर, दहाव्या रांगेतून? आमच्या वेळी स्पर्धेच्या नाटकाला पहिली रांग परीक्षकांची आणि उरलेलं थिएटर कलाकारांच्या मावश्यांचं.

वाईची_लेक

मास्तरांना +१. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवा. नायिका बेणारे सुरुवातीलाच हॉलच्या दाराची कडी काढताना बोट चेंगरून घेते. किरकोळ गोष्ट वाटते. पुढे खेळातला खटला तिच्यावर उलटतो, ती निघून जायला बघते आणि दार बाहेरून बंद झालेलं असतं. सगळं नाटक त्या एका कडीवर पेललंय. १९७१ मध्ये सत्यदेव दुब्यांनी त्याचा सिनेमा केला, सुलभा देशपांडेच बेणारे होत्या, कॅमेऱ्यामागे गोविंद निहलानी. याच निहलानींनी पुढे टीव्हीसाठी लोर्का या स्पॅनिश नाटककाराच्या नाटकावरून ‘रुक्मावती की हवेली’ केली. मूळ नाटकात रंगमंचावर एकही पुरुष येत नाही, आणि सगळी भांडणं एका पुरुषावरूनच पेटलेली असतात. तो दिसत नाही म्हणून तर त्याचा एवढा धाक. तुमच्या म्हाताऱ्याचा कारखाना तसाच आहे, दादा. लेखकाचं ऐका.

पडदा_पाडा

ताई, ही सगळी थोरामोठ्यांची उदाहरणं झाली. सुलभाताई समोर असतील तर मीही कडीकडे तासभर बघत बसेन. हौशी नट क्लोजअपमध्ये कसा दिसतो हे तुम्ही पाहिलंय का? स्पर्धेची सवय, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा. समोर माइक, आणि हे आपले ‘बाबाऽऽ’ म्हणून शिरा ताणतायत. मी एका ग्रुपचं असं शूटिंग बघितलंय. प्रेमाचा प्रसंग होता, वाटत होतं भाजीवाल्याशी वाद चाललाय.

भडंग_प्लेट

हहपुवा 😂 सांगलीत प्रेमही त्याच आवाजात करतात, त्यात ग्रुपचा काय दोष?

रेकॉर्डिस्ट_तासगाव

आत्तापर्यंत वाचनमात्र होतो, पण आवाजाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मूळचा तासगावचा, मुंबईत साउंडचं काम करतो.

पडदापाडा यांचं निरीक्षण बरोबर आहे, पण तो इलाज होण्यासारखा रोग आहे. नटांना सांगा, समोरचा माणूस चार फुटांवर आहे, तो ऐकतोय तेवढ्याच आवाजात बोला. दोन-तीन तालमी खोलीत, जमिनीवर बसून घ्या. पल्लेदार बोलणं आपोआप उतरतं.

त्याहून अवघड भानगड हशाची. नाटकात विनोदी वाक्यावर हशा येतो आणि नट त्याच्यासाठी थांबतो. प्रयोगागणिक ती जागा अंगात मुरते. कॅमेऱ्यासमोरही तो थांबतो, पण हसायला कुणी नसतं. एडिटवर बसल्यावर कळतं की दर दोन मिनिटांनी सगळे एकमेकांकडे बघत उभे आहेत. या जागा शूटिंगच्या आधी संहितेत खुणा करून काढून टाका. टाळीसाठी राखून ठेवलेली एंट्रीसुद्धा. आणि पहिल्या अंकाचा पडदा. मध्यंतरात लोकांनी बटाटेवडा खाताना बोलावं म्हणून जो धक्का दिलेला असतो, तो सलग फिल्ममध्ये उपरा वाटतो.

बाकी नेहमीचं: जुन्या घरातली खोली असेल तर टाळी वाजवून बघा, घुमते का. घुमत असेल तर कॅमेऱ्यामागच्या भिंतींवर गोधड्या, सतरंज्या टांगा. फ्रिज बंद, पंखा बंद. आणि प्रत्येक जागेचा नुसता रिकामा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, कुणीही न बोलता, न हलता. त्याला आम्ही रूम टोन म्हणतो. पुढे लागणारच.

नेपथ्यकार_बापू

वा, तासगावकर. असं कुणी आधी सांगितलं असतं तर.

एकाच खोलीची भीती वाटत असेल तर ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ बघायला लावा दोघांनाही, शेजारी बसवून. रेजिनाल्ड रोझने १९५४ मध्ये ते मुळात टीव्हीसाठीच लिहिलं होतं, सिनेमा १९५७ चा, आणि रंगमंचावरही ते फिरत राहिलंय. आपल्याकडे बासू चटर्जींचं ‘एक रुका हुआ फैसला’. बारा माणसं, एक खोली, जवळजवळ सगळा सिनेमा तिथेच. पण ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चा दिग्दर्शक ल्युमेट, त्याने काय केलं? सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर, मधल्या भागात डोळ्यांच्या रेषेत, शेवटी डोळ्यांच्या खाली. शेवटाकडे छत दिसायला लागतं. लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या लावत नेल्या, त्यामुळे मागची भिंत माणसांच्या पाठीशी येऊन चिकटते. बघणाऱ्याला हे काही कळत नाही, त्याला नुसतं गुदमरायला होतं. खर्च शून्य. तिवई खाली करायला पैसे लागत नाहीत.

म्हणजे खोली बदलायची नाही, खोलीचं माप बदलायचं. तुमच्या नाटकात जागाच विकायची आहे ना? मग ती पहिल्या भागात मोठी आणि शेवटी आखडलेली दिसली पाहिजे. का उलट? सौदा ठरल्यावर खोली अचानक मोठी दिसली तर? दिग्दर्शकाला हे डोक्याला खाद्य द्या, ड्रोन विसरेल.

काळा_कोट

मजा चालू आहे, पण एक कोरडी गोष्ट. लेखक नाव काढा म्हणतोय ते हसण्यावारी नेऊ नका. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नाटकाचा प्रयोग करण्याचा हक्क वेगळा आणि त्यावरून चित्रपट करण्याचा हक्क वेगळा. स्पर्धेसाठी त्याने परवानगी दिली म्हणजे फिल्मसाठी दिली असं होत नाही. मित्र असला तरी कागद करा. त्यात मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. प्रयोगाला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घेतलं असेल, तेही इथे कामाचं नाही, ते रंगमंचापुरतं.

केबलवाल्यांशी काय ठरलंय? एकदा दाखवणार की वाटेल तेव्हा? यूट्यूबवर कोण टाकणार?

विंगेतला_उंदीर

वकीलसाहेब आले, आता बटाटेवड्याचंही ॲग्रीमेंट होणार.

हरिपूर_संगम

एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा देवल करा की! गोविंद बल्लाळ देवल, आमच्या हरिपूरचे. १९१६ ला गेले, हक्कबिक्क केव्हाच संपले. ‘संगीत शारदा’ १८९९ ची. म्हाताऱ्याला कोवळी मुलगी द्यायला निघालेला बाप आजही चार गावं सोडून सापडेल. संगमावर शूटिंग करा, चिंचेच्या झाडांखाली. तिथे ड्रोनला पण जागा आहे.

काळा_कोट

हिशेब बरोबर आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. त्या न्यायाने खाडिलकरही मोकळे, १९४८ ला गेले. सांगलीचेच. ‘कीचकवध’ करा हवं तर, एके काळी सरकारने बंदी घातलेलं नाटक म्हणून पोस्टरवर टाकता येईल.

मिरजकर_मास्तर

हरिपूरकर, संगीत नाटकाची टेलिफिल्म म्हणजे गाणारी माणसं आणा, ऑर्गन आणा, तबला आणा. आणि प्रत्येक पदाला कॅमेऱ्याने काय करायचं? नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबते आणि आपण खुशीने थांबतो. वन्समोअर देतो! टीव्हीवर तिसऱ्या तानेला सून रिमोट उचलते.

पण ५ नोव्हेंबरच्या, म्हणजे मराठी रंगभूमी दिनाच्या आसपास दिवाळी येते त्या वर्षी सांगलीत नाटकाबद्दल काहीही दाखवलं तरी चालतं हे खरं. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून आम्ही जगाला ऐकवतोय.

हरिपूर_संगम

ऐकवायलाच पाहिजे. पुणेकर कशा-कशाचं ऐकवतात ते बघा.

पुण्यातला_एक

आम्ही काही बोललो नाही. 🙏

वाईची_लेक

विषयावर या, लोकहो. तिसरीघंटा कुठे गेले?

तिसरी_घंटा

आहे, आहे. दोन आठवडे गायब होतो कारण तुम्ही सांगितलेलं करून बघत होतो. मोबाइलवरच, दुसऱ्या अंकातला तो शेवटचा प्रसंग, आमच्या घरच्या खोलीत. फ्रिज बंद, गोधड्या टांगल्या, नट जमिनीवर. आवाज खरंच उतरला. हशाच्या जागा काढल्यावर दोन पानं एकदम धावायला लागली. दिग्दर्शकाने तिवई खाली घेतली आणि स्वतःवरच खूश झाला. लेखकही खूश, कारण कारखाना नाही.

मग ते घरच्या टीव्हीला जोडलं आणि आईला दाखवलं. तिने नाटक पाहिलेलं नाही. कानशीचा आवाज सुरू आहे, खोलीत बिल्डरच्या कागदावरून बाचाबाची, आणि आवाज थांबतो. सगळे गप्प. मी आईच्या तोंडाकडे बघतोय. ती म्हणाली, “टीव्हीचा आवाज गेला का रे?” आणि रिमोट शोधायला लागली.

लेखकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दिग्दर्शक लगेच म्हणाला, म्हणूनच सांगतोय, आत शिरू, म्हाताऱ्याचा थांबलेला हात दाखवू. आता काय करू?

भडंग_प्लेट

मातोश्रींना परीक्षक म्हणून बोलवा. असे परीक्षक स्पर्धेला मिळत नाहीत.

पडदा_पाडा

बघा! मी काय म्हणत होतो? थिएटरात सातशे माणसं एकदम श्वास धरतात म्हणून ती शांतता ऐकू येते. घरी शेजारचा कुकर शिट्ट्या मारतोय. तिथे तुमची शांतता कोण ऐकणार? आत जा. थांबलेला हात दाखवा.

रेकॉर्डिस्ट_तासगाव

आत जायची गरज नाही. आईंनी अगदी नेमकं सांगितलंय, फक्त ते ऐका. त्यांना वाटलं टीव्हीच बंद पडला. म्हणजे तुम्ही कानशीबरोबर सगळंच तोडलं. मोबाइलवर कापाकापी करताना होतं असं.

कानस थांबली तरी खोली चालू राहिली पाहिजे. मी म्हटलं होतं तो रूम टोन इथे घाला. त्यावर गल्लीतून एखादी रिक्षा, लांबचा कावळा, भिंतीवरचं घड्याळ. कानस असेपर्यंत ते घड्याळ कुणाला ऐकू येत नव्हतं, आता येतं. मग बघणाऱ्याला कळतं की टीव्ही ठीक आहे, थांबलंय ते वेगळंच काहीतरी.

दुसरं, कानस आधी कानात बसवा. अगदी पहिल्या मिनिटापासून, सारखी नाही, लयीत. चार घासे, थांबणं, एक तार, परत चार घासे. चार-पाच वेळा ऐकलं की प्रेक्षक नकळत पुढच्या तारेची वाट बघतो. शेवटी चार घासे होऊ द्या आणि तार वाजवू नका. टीव्हीच्या बारीक स्पीकरमधूनही कानशीचा आवाज नीट येतो, खर्जातला असता तर अडचण होती. खऱ्या कारखान्यात जाऊन रेकॉर्ड करा, लोखंडी पट्टीवर कानस घासून चालणार नाही.

मिरजकर_मास्तर

आणि हात दाखवायचाच असेल तर सुनेचा दाखवा. ती त्या वेळी काय करत असते?

तिसरी_घंटा

मास्तर, चहा गाळत असते. रंगमंचावर ती मागच्या कोपऱ्यात, पाठमोरी. तिचं तिथे वाक्यच नाही, म्हणून आम्ही लक्षच दिलं नव्हतं.

मिरजकर_मास्तर

मग झालं की. ती रोज या आवाजावर कामं उरकत असणार. तार वाजली की चहा न्यायचा, असं काहीतरी. बाहेरच्या पुरुषांना उशिरा कळेल, तिला सगळ्यात आधी. गाळणं धरलेला हात तिथल्या तिथे राहू दे. वाक्य देऊ नका तिला.

वाईची_लेक

मास्तर, दंडवत. नटी कोण आहे? तिला हे आधी सांगू नका, नाहीतर अभिनय करेल.

पडदा_पाडा

हे चालेल. तरी माझं म्हणणं आहे की टायटलखाली गल्ली दाखवा. दुकानाबाहेर टांगलेले भोपळे, रंधा मारणारा माणूस. गोष्ट सुरू व्हायच्या आधी दाखवलं तर लेखकाचं काय जातंय? मिरजेबाहेरच्या माणसाला सतार कशापासून होते हेच माहीत नसतं.

तिसरी_घंटा

हे लेखकाला विचारलं. गल्ली चालेल म्हणाला, पण भोपळा दुसऱ्यांच्या दुकानाचा, या घरातला नको. दिग्दर्शकाने ‘बघू’ म्हटलं. निदान एकमेकांशी बोलले. वकीलसाहेब, कागदाचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

काळा_कोट

करा. फी म्हणून भडंग पाठवा, कुरकुरीत असताना.

नेपथ्यकार_बापू

शूटिंगला जागा ठरली का? ब्राह्मणपुरीत माझ्या ओळखीचं एक जुनं घर आहे, पुढची खोली लांबट, मागे दार, कडीपाटाचं छत. तिवई खाली घेतली की छत सुंदर येईल. भाडं नको म्हणतात. अडचण एकच, शेजारी पिठाची गिरण आहे.

रेकॉर्डिस्ट_तासगाव

गिरण किती वाजता बंद होते?

नेपथ्यकार_बापू

दुपारी एक ते चार. पण सणासुदीत चकलीच्या भाजणीसाठी तेव्हाही चालू ठेवतात.

रेकॉर्डिस्ट_तासगाव

मग गणपतीनंतर लगेच उरका. दिवाळीची वाट बघू नका.